घर, गादी आणि फितुरी

बारामतीहून इंदापूरकडे जाताना सणसर, बेलवाडी मागे पडली की लासुर्णे लागते. आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी याच वाटेने पंढरीकडे जाते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नीरा डाव्या कालव्यावर पोसलेला ऊस, जवळच भवानीनगरचा साखर कारखाना आणि थोड्या अंतरावर वालचंदनगर. त्या वालचंदनगरच्या कारखान्यात ‘इस्रो’च्या प्रक्षेपकांचे भाग घडले आहेत, तेव्हा देशकार्य म्हणजे काय हे या परिसराला केवळ पडद्यावरून कळते असे नाही. इंदापूर हा तर भोसले घराण्याचा जुना मुलूख. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्याच रणात पडले. अशा भूमीत शिवकालावरचा चित्रपट येतो, तेव्हा तो दोन-अडीच तासांच्या करमणुकीवर संपत नाही. त्यावर पारावर बोलले जाते, घरात बोलले जाते आणि पुष्कळदा त्या बोलण्याने माणसे दुखावलीही जातात.

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘छावा’ प्रदर्शित झाला. शिवाजी सावंत यांच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर आधारलेला लक्ष्मण उतेकर यांचा हा हिंदी चित्रपट देशभर पाहिला गेला. धर्मवीर संभाजीराजांचे बलिदान उत्तरेतील आणि दक्षिणेतील तरुणांपर्यंत पोहोचले, ही आनंदाचीच गोष्ट. शाळेच्या पुस्तकातील चार ओळींत ज्यांना शंभूराजे भेटले होते, ती मुले चित्रपटगृहात रडली. परंतु बाहेर पडताना हा तरुण दोन गोष्टी बरोबर घेऊन आला. एक, भरून आलेला ऊर आणि दुसरी, एका आडनावाविषयीचा संताप. राजांना संगमेश्वरी पकडून देणारे म्हणून चित्रपटाने येसूबाईंच्या माहेरच्या माणसांना, गणोजी आणि कान्होजी यांना उभे केले. शिर्के घराण्याच्या वंशजांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला, दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली आणि वृत्तपत्रांपुरता तो विषय मिटला. समाजमाध्यमांवर मात्र तो मिटला नाही. तेथे कोणी शिर्क्यांकडे बोट दाखवीत होते, तर कोणी अण्णाजी दत्तोंचे निमित्त करून एका जातीकडे. आपल्या जातीचा फितूर झाकायचा आणि दुसऱ्याच्या जातीचा मोजायचा, असा हा हिशेब चालला होता. त्यात राष्ट्रीय विचारांचे म्हणविणारे हात मागे नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

प्रश्न एका चित्रपटाचा नाही. देश आणि घर यांत निवड करण्याची वेळ आलेला माणूस आपला चित्रपट कसा दाखवतो, हा प्रश्न आहे. कारण पडद्यावर जी निवड सोपी दिसते, ती सोपीच असते असे मुलांना वाटू लागते. आणि मग ज्याला ती अवघड गेली, तो आपोआप गद्दार ठरतो.

जुना हिंदी चित्रपट या बाबतीत अधिक प्रौढ होता, असे आज मागे वळून पाहताना वाटते. १९५७ चा ‘मदर इंडिया’ घ्या. मेहबूब खान यांच्या या चित्रपटाचा आरंभच कालव्याच्या उद्घाटनाने होतो. वृद्ध राधेला गावकरी आग्रहाने पाणी सोडण्यासाठी नेतात. कालव्यावर जगणाऱ्या लासुर्ण्याच्या माणसाला त्या पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. सावकाराच्या मुलीला पळवून नेणाऱ्या पोटच्या बिरजूला राधा गोळी घालते, कारण गावाच्या लेकीची अब्रू ही तिची अब्रू असते. पण गोळी घातल्यावर ती ताठ उभी राहून भाषण करीत नाही. धावत जाते आणि मरणाऱ्या मुलाला कुशीत घेते. शेवटी कालव्याचे दार उघडते तेव्हा पाण्यात तिला त्याचेच रक्त दिसते. सगळे गाव ज्या पाण्याचा जयजयकार करते, त्याचा रंग एकटी तीच पाहू शकते. नर्गिसचा चेहरा त्या क्षणी जे सांगतो, ते संवादात मावले नसते.

दहा वर्षांनी आलेला मनोजकुमारांचा ‘उपकार’ या भागातील शेतकऱ्याला आणखी जवळचा. लालबहादूर शास्त्रींच्या ‘जय जवान, जय किसान’ या घोषणेतून तो जन्मला. त्यातील पेच सीमेवर सुरू होत नाही, तो बांधावर सुरू होतो. धाकट्याच्या शिक्षणासाठी थोरला खपतो आणि शिकून आलेला धाकटा पहिल्यांदा काय मागतो, तर जमिनीची वाटणी! चुलता त्याचे कान भरतो. ऊसपट्ट्यात भावाभावांचे दावे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही कथा मुंबईत रचलेली वाटणार नाही. घर फुटते तसाच देश फुटतो, हे त्या चित्रपटाने १९६५ च्या युद्धाशी जोडून दाखवले. त्यातील भारत भाबडा होता, भाषणेही फार करी. तरी भावाचे प्रेम त्याने कधी हलके मानले नाही. मनोजकुमार ४ एप्रिल २०२५ रोजी गेले, तेव्हा ‘भारतकुमार’ या नावाने त्यांचे स्मरण झाले. बांधावरच्या त्या थोरल्या भावाचेही व्हायला हवे होते.

जानेवारी १९७५ मध्ये ‘दीवार’ आला. तस्कर झालेला थोरला आणि पोलीस अधिकारी झालेला धाकटा यांच्या मध्ये आई उभी. ती धाकट्याच्या हाती पिस्तूल देते, त्याचा हात कापू नये असा आशीर्वाद देते आणि लगेच मंदिराकडे निघते, थोरल्याची वाट पाहायला. कर्तव्य केले म्हणून आईपण संपत नाही, हे निरूपा रॉय यांनी काही पावलांच्या चालण्यात दाखवले. रमेश सिप्पींच्या ‘शक्ती’ने (१९८२) त्याहून कठीण जागेवर बोट ठेवले. अपहरण झालेला लहान मुलगा दूरध्वनीवर बापाचे उत्तर ऐकतो. कायद्याशी तडजोड करणार नाही, असे बाप सांगत असतो. बाप शंभर टक्के बरोबर आहे. आणि तरीही त्या मुलाच्या काळजात जी भेग पडते, ती आयुष्यभर बुजत नाही. दिलीपकुमारांचा तो अधिकारी निष्ठेची किंमत स्वतः देतोच; पण त्याच्या आधी ती त्याच्या पोराने दिलेली असते, त्याला न विचारता. हे पाहायला धैर्य लागते. आपल्या प्रेक्षकांत ते होते.

पुढे यात उणे येत गेले. जे. पी. दत्ता यांचा ‘बॉर्डर’ (१९९७) हा अनेक घरांत दर सव्वीस जानेवारीला पाहिला जाणारा चित्रपट. लोंगेवालाच्या शौर्याला त्याने देशभर नेले, याबद्दल कृतज्ञताच असावी. त्यात मथुरादास नावाचा एक सैनिक रजा मागतो. त्याची पत्नी कर्करोगाने अंथरुणाला खिळली आहे, मुले लहान आहेत. रजा मिळते, त्याला आनंद होतो आणि त्या आनंदाबद्दल अधिकारी त्याला सगळ्यांदेखत खडसावतात. तो लाजतो, निघून जातो, पण लढाईच्या वेळी परत येतो आणि धारातीर्थी पडतो. प्रेक्षागृहात टाळ्या पडतात. त्या टाळ्यांत अंथरुणावरची ती बाई कोणाला आठवते? आजारी बायकोकडे जावेसे वाटणे ही भीती नव्हे. ज्यांच्या घरातील कोणी सैन्यात आहे त्यांना हे ठाऊक असते, आणि प्रत्यक्ष सैन्यालाही ठाऊक असते; म्हणून तर तेथे अशा रजेची तरतूद आहे.

अपवाद होते. मेघना गुलजार यांच्या ‘राझी’त (२०१८) १९७१ च्या काळात पाकिस्तानी लष्करी अधिकाऱ्याच्या घरी सून म्हणून गेलेली सेहमत देशासाठी हेरगिरी करते. तिचे सासर दुष्ट नाही, नवरा तर सज्जनच आहे. ज्या घराने जीव लावला तेच घर तिच्या हातून मोडते. हरिंदर सिक्का यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट पाहून काही जणांनी नाक मुरडले होते. शत्रूच्या घरातील माणसे इतकी चांगली का दाखवली, असा त्यांचा आक्षेप. परंतु सासर राक्षसांचे असते तर सेहमतने केले त्यात विशेष ते काय उरले असते? तिचा त्याग मोठा ठरतो, तो ती माणसे चांगली होती म्हणूनच.

आता घरच्या गोष्टीकडे वळावे. मराठी माणसाच्या मनात हा पेच पहिल्यांदा रुजवला तो तानाजी मालुसऱ्यांच्या कथेने, आणि पडद्यानेही तिचा मोह शंभर वर्षे सोडला नाही. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून बाबूराव पेंटरांनी १९२३ साली मूकपट ‘सिंहगड’ काढला, तेव्हा त्यात शेलारमामा झालेले तरुण शांतारामबापू होते. दहा वर्षांनी त्याच शांतारामबापूंनी ‘प्रभात’साठी बोलता ‘सिंहगड’ केला. पुढे ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ २०२० मध्ये आला, दिग्पाल लांजेकरांचा ‘सुभेदार’ २०२३ मध्ये. प्रत्येक पिढीने मुलाचे लग्न मागे ठेवून कोंढाण्याकडे वळलेला बाप पाहिला आणि प्रत्येक पिढीचा ऊर भरून आला.

सभासदाच्या बखरीत रायबाचे लग्न नाही. ते आले तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून, म्हणजे लोकांच्या स्मरणातून. लोकांनी ते का घातले असावे, याचा विचार करण्यासारखा आहे. गड घेतला एवढे लोकांना पुरेसे वाटले नाही. गड घ्यायला निघालेल्याच्या घरी काय राहून गेले, हे त्यांना सांगावेसे वाटले. आणि परंपरेने कथा तेथेही सोडली नाही. तानाजी पडल्यावर महाराज उमरठ्याला गेले आणि त्यांनी स्वतः उभे राहून रायबाचे लग्न लावून दिले, हेही ती सांगते. ज्याने घर मागे ठेवले त्याचे घर राज्याने पुढे होऊन सांभाळले. कथेचा अर्धा अर्थ या दुसऱ्या भागात आहे. व्याख्यानांत पहिला भाग गर्जून सांगितला जातो आणि दुसरा बहुधा वेळेअभावी राहतो.

मग येसूबाईंचे काय? शिर्के आणि भोसले यांचे साटेलोटे होते. पिलाजीराव शिर्क्यांची कन्या शंभूराजांना दिलेली आणि शिवरायांची कन्या राजकुंवर गणोजींना. म्हणजे संशय ज्याच्यावर, तो येसूबाईंचा सख्खा भाऊ आणि नणंदेचा नवरा. वतनाच्या प्रश्नावरून वितुष्ट आले होते, हे इतिहासात आहे. संगमेश्वरची बातमी नेमकी कोणी दिली याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. १ फेब्रुवारी १६८९ रोजी राजे पकडले गेले, ११ मार्चला त्यांची हत्या झाली. झुल्फिकारखानाच्या सैन्याचा वेढा रायगडाला पडत होता. येसूबाईंचा मुलगा शाहू तेव्हा सात वर्षांचा. आपल्या मुलाच्या नावाने राज्य चालवण्याचा आग्रह त्या धरू शकल्या असत्या. कोणी चूक म्हटले नसते. त्यांनी धाकट्या दिरास, राजारामांस पुढे केले, त्यांना गडाबाहेर काढून दक्षिणेकडे जाण्याचा मार्ग मोकळा केला आणि स्वतः मुलासह गडावर राहिल्या. नोव्हेंबरात रायगड पडला. मुलगा सुटला १७०७ मध्ये, त्या स्वतः १७१९ मध्ये. तीस वर्षे कैद! नवरा गेला, माहेराकडे बोट दाखवले जाते आहे, मुलाचा हक्क आपणच बाजूला ठेवलेला. ‘छावा’त येसूबाई आहेत, त्यांची खरी कसोटी मात्र राजांच्या हत्येनंतर सुरू झाली. त्या तीस वर्षांत तलवारबाजी नाही म्हणून त्यावर कोणी पैसे लावत नसावा.

गणोजींची कथाही १६८९ ला थांबत नाही, आणि ही गोष्ट संतापलेल्या तरुणांना मुद्दाम सांगितली पाहिजे. पुढे राजाराम महाराज जिंजीत कोंडले गेले. झुल्फिकारखानाच्या छावणीत मोगलांच्या बाजूने शिर्केही होते. १६९७-९८ च्या सुमारास राजारामांना त्या वेढ्यातून सुखरूप बाहेर काढण्यात गणोजी शिर्क्यांनी साह्य केले, असे चिटणिसी बखर सांगते. त्यासाठी शिर्क्यांनी वतन मागितले आणि ते वतन कोणी दिले? खंडो बल्लाळ चिटणिसांनी, स्वतःचे. छत्रपती सुटावेत म्हणून घरादाराची मिळकत एका सहीने दुसऱ्याच्या पदरात घातली. ज्याला पडदा एका प्रसंगावरून कायमचा फितूर ठरवतो, तोच माणूस नऊ वर्षांनी छत्रपतींच्या सुटकेत हात देतो. त्याने सौदा केला हे खरे. पण त्या धकाधकीच्या काळात निष्ठा ही एकदाच करून संपवायची गोष्ट नव्हती. ती प्रत्येक वळणावर पुन्हा ठरवावी लागे, आणि कधी चुके, कधी सावरे.

रामायणाने हा पेच फार पूर्वी ओळखला होता. एकाच घरातले दोन भाऊ. बिभीषण धर्मासाठी घर सोडतो; कुंभकर्णाला रावणाची चूक कळते, तो ती तोंडावर सांगतो आणि तरीही भावाच्या बाजूने लढून मरतो. दोघांनाही ऋषींनी तुच्छ लेखलेले नाही. व्यवहारात मात्र गंमत अशी की, ज्याने योग्य निवड केली त्याचेच नाव शिवीसारखे वापरले जाते. सोलापूर-धाराशिवकडे मुलाचे नाव विभीषण ठेवतात, ही त्या मातीची उदारताच म्हणायची.

लासुर्णे बारामतीच्या एका अंगाला, तर दुसऱ्या अंगाला सुपे. त्या सुप्यातली गोष्ट या परिसराला आपली म्हणून ठाऊक असायला हवी. शहाजीराजांनी तेथे आपले मेहुणे संभाजी मोहिते यांना नेमले होते. म्हणजे नात्याने शिवरायांचे सावत्र मामा. स्वराज्याच्या कामात मामा सामील होईनात. सभासद सांगतो की, राजे शिमग्याच्या सणाचे पोस्त मागण्याच्या निमित्ताने मामांच्या भेटीस गेले आणि त्यांनी त्यांना कैद केले. पागेचे तीनशे घोडे आणि द्रव्य हाती आले. सण भाच्याने मामाकडे हक्काने मागायचा, तो असा मागितला गेला! पण मामांचा जीव घेतला गेला नाही. त्यांची रवानगी शहाजीराजांकडे झाली. महाल स्वराज्याला आला आणि मामा मामाच राहिले. शिवाय मोहिते घराण्यावर कायमचा शिक्का बसला नाही. याच घराण्यातील सोयराबाई राणी झाल्या, तर हंबीरराव सरसेनापती.

हंबीररावांवरही वेळ आली. १६८० मध्ये महाराज गेल्यावर कारभाऱ्यांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवले. राजाराम म्हणजे हंबीररावांच्या बहिणीचा मुलगा. भाचा छत्रपती, बहीण राजमाता आणि आपण सेनापती! नात्याचा विचार केला तर याहून सोन्याचा योग कोणता? पन्हाळ्यावर संभाजीराजांना पकडायला निघालेल्या कारभाऱ्यांनाच हंबीररावांनी कऱ्हाडजवळ कैद केले आणि राजांपुढे नेऊन उभे केले. बहिणीच्या डोळ्यांत ते त्या दिवशी काय झाले असतील? प्रवीण तरडे यांनी २०२२ साली ‘सरसेनापती हंबीरराव’ काढला आणि हे नाव घरोघरी नेले, हे चांगले झाले. रणातले हंबीरराव त्यात दणकट आहेत. भाऊ असलेल्या हंबीररावांसाठी मात्र अजून एका चित्रपटाची जागा आहे. ते १६८७ मध्ये वाईजवळ लढताना पडले. त्यांची मुलगी ताराबाई राजारामांची पत्नी होती. औरंगजेबाशी शेवटची झुंज तिने दिली. एका घराण्याला किती वेळा आणि किती बाजूंनी निवड करावी लागली, हे पाहिले म्हणजे आडनावावरून निष्ठा मोजणाऱ्यांची कीव येते.

हे सारे जुन्या काळाचे म्हणून बाजूला सारता येणार नाही. आणीबाणीत येरवड्याच्या आणि नाशिकच्या तुरुंगांत महाराष्ट्रातील कितीतरी कार्यकर्ते महिनोन् महिने स्थानबद्ध होते. अनेक घरांत मिळवता हात तोच. शाळेचे शुल्क, म्हाताऱ्यांची औषधे, शेजाऱ्यांचे टाळणे हे सगळे बाहेर राहिलेल्या स्त्रियांनी सोसले. हमीपत्र लिहून घरी या, असे म्हणण्याचा मोह त्यांतल्या एखादीला झाला असेल तर ती दुबळी होती काय? आणि ज्या थोड्यांनी ते लिहून दिले, त्यांच्या घरी काय शिजत होते आणि काय शिजत नव्हते, याची विचारपूस न करता त्यांच्याकडे पाठ फिरवणारेही होते. तुरुंगातून आलेल्यांचे सत्कार झाले, ते व्हायलाच हवे होते. त्या सत्कारांच्या छायाचित्रांत मागे, दाराच्या चौकटीशी उभ्या असलेल्या बायकांची नावे आज सांगता येत नाहीत. आजही पूर्णवेळ कामासाठी बाहेर पडलेल्या तरुणाच्या मागे त्याचे आईवडील कोण सांभाळते? धाकटा भाऊ आणि त्याची बायको. कार्याचा हा वाटा कोणत्या वहीत लिहिला जात नाही.

लासुर्ण्यासारख्या गावातून सैन्यात किंवा निमलष्करी दलात गेलेल्या मुलाची रजा संपते, तेव्हा आई हातावर दही घालते, बाप पिशवी उचलून जंक्शनच्या थांब्यापर्यंत येतो. बोलणे ऊस, पाणी, कारखान्याचा भाव यावरच होते. मुलगा जातो. त्या घरात देश आणि कुटुंब अशा दोन बाजू कोणी आखलेल्या नसतात. तो गेल्याने पडलेली जागा मात्र सगळे मिळून भरत असतात. मराठी चित्रपटाला या घराकडे पाहायला वेळ मिळावा. ऐतिहासिक चित्रपटाला तर मिळालाच पाहिजे, कारण प्रेक्षक आता तयार आहे आणि पैसाही आहे.

आणि एखाद्या निर्मात्याला विषयच हवा असेल, तर खंडो बल्लाळ आहेत. १६८१ मध्ये कटाच्या संशयावरून संभाजीराजांच्या आज्ञेने त्यांचे वडील बाळाजी आवजी यांना हत्तीच्या पायी देण्यात आले. बाळाजी निर्दोष होते असे पुढे कळले आणि राजांना पश्चात्ताप झाला, असे परंपरा सांगते. गेलेला बाप त्याने परत आला नाही. मुलाने सूड घेतला असता तर त्याला तत्कालीन व्यवहाराने दोष दिला नसता. मोगल दरबारही दूर नव्हता. त्याने चिटणिशी पत्करली. दोन वर्षांनी गोव्याच्या स्वारीत जुव्याच्या बेटाजवळ राजांनी खाडीत घोडा घातला. भरती आलेली, घोडा पोहणीस लागला, राजे वाहून जाऊ लागले. मागून उडी घेऊन ज्याने त्यांना धरले आणि काठाला आणले, तो खंडो बल्लाळ होता. हात सोडण्यासाठी काहीही करावे लागले नसते. पाणीच पुरेसे होते. त्या क्षणी त्याच्या मनात वडील आले की नाही, याबद्दल बखरकारांनी एक अक्षर लिहिलेले नाही.